सगळ्या नळ्यांना एकच

एका वस्तूत चार कामं भागवणं हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. माझ्या लग्नातला सूट पुढे दोन्ही धाकट्या भावांनी आपापल्या लग्नात घातला. मधला माझ्याहून वीतभर उंच, त्यामुळे त्याच्या फोटोत मनगटं पुढे आणि बाह्या मागून येताहेत असं दिसतं. घरात पाना एकच, तोही मागेपुढे सरकणारा. सगळ्या नटांना लागतो आणि सगळ्या नटांचे कोपरे खातो. पाहुणा चष्मा विसरून गेला तर तो आधी घरातल्या सगळ्यांच्या नाकांवरून फिरतो, मगच परत पाठवायचा की नाही ते ठरतं.

त्यामुळे टेक्सासमधला भाचा फोनवर म्हणाला, "मामा, रायफली चार आहेत, पण सायलेन्सर एकच घ्यायचाय, चारींना चालेल असा," तेव्हा मला भरून आलं. पोरगं इथंच शिवनगरला इंजिनिअर झालं, हिंजवडीत घासलं, तिथून डॅलसच्या बाजूला गेलं, ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलं. पण रक्त माळेगाव बुद्रुकचं ते माळेगाव बुद्रुकचंच राहिलं.

अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, ह्या सगळ्यातलं फक्त 'रायफल' ऐकू गेलं. "बांधावरनं कुणाशी वाजलंय का त्याचं?" तिने विचारलं. तिला दोष नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या मुलखात माणसाला बंदूक आठवते ती बांधाशेजारीच. मी समजावलं की तिकडे बांध नाही, डुकरं आहेत. टेक्सासमध्ये रानडुकरांनी शेतकऱ्यांना जेरीस आणलंय. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं कधीकाळी मोकाट सुटली आणि पुढे वाढतच गेली. आता तिथे जमीनमालकाने हो म्हटलं की डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही, २०१९ पासून. भाच्याच्या ऑफिसातल्या एका दोस्ताचं रान आहे, तिथे हे दर शनिवारी जातात. सूनबाईचं म्हणणं वेगळंच होतं. "मामा, बाळ रात्री रडलं तर ह्यांना जाग येत नाही, आणि डुकरासाठी दोनच्या ठोक्याला उठून बसतात."

रानडुक्कर आम्हालाही नवं नाही. ऊस दाटला की त्यात राहायला येतात आणि शेजारच्या मक्यात जेवायला जातात. पण आमच्याकडे त्याच्यावर इलाज आवाजाचा. सुतळी बॉम्ब, पत्र्याचे डबे, रात्रभर लावलेला रेडिओ. ह्याशिवाय रानाभोवती जुन्या साड्या बांधायची पद्धत आहे. माणूस फिरतोय असं डुकराला वाटावं म्हणून. मागच्या साली शेजाऱ्याच्या मक्याला बांधलेल्या साड्यांत आमच्या मंडळींना स्वतःची डोहाळजेवणाची साडी ओळखू आली. डुकरं त्या रात्री आली की नाही ठाऊक नाही, पण त्या रात्री आमच्या घरात जो आवाज झाला तो शिवारापलीकडे गेला असणार.

सायलेन्सर ही चीज मुळात एका घरातली भानगड आहे. हायरम मॅक्झिम नावाच्या अमेरिकेत जन्मलेल्या, इंग्लंडात वसलेल्या गृहस्थाने १८८४ साली एकामागून एक आपोआप गोळ्या सोडणारी मशीनगन बनवली. तिच्या चाचण्या घेता घेता म्हातारा ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम. त्याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. बापाने केलं, पोराने निस्तरलं. ह्याच पोराने १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटनाही काढली. ज्याच्या घरात बाप ऐकू शकत नाही त्याला दूरदूरच्या लोकांशी बोलायची तहान लागली तर नवल काय! पण मला ह्यातली आवडलेली गोष्ट पुढचीच आहे. जी युक्ती त्याने बंदुकीला लावली तीच त्याने इंजिनांनाही लावली आणि हळूहळू कंपनीचा खरा धंदा इंजिनांचे सायलेन्सर हाच झाला. नळीतून सुटलेल्या तापलेल्या वायूला एकदम बाहेर न सोडता आत चार खोल्यांतून फिरवायचं, थोडं थंड करायचं, थोडं दमवायचं आणि मग जाऊ द्यायचं. रायफल काय आणि ट्रॅक्टर काय, काम एकच.

म्हणून मी भाच्याचा प्रश्न घेऊन सरळ गॅरेजवर गेलो.

आमच्या मेस्त्रींचं गॅरेज बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. राजदूतच्या जमान्यापासून त्यांनी ह्या गावातलं प्रत्येक इंजिन उघडलंय, आणि बरीचशी मिटवलीही आहेत. गळीत हंगाम चालू होता. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कारखान्याकडे एकामागे एक चालले होते, प्रत्येकावर वेगळं गाणं आणि सगळी एकाच ठेक्यातली. मळीचा वास आणि डिझेलचा धूर ह्यांत उभं राहून मी मेस्त्रींना टेक्सासचा पेच सांगितला. बाकड्यावर मेजर बसले होते. आमच्याकडे पलटणीतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात; हे नाईक म्हणून सुटले. तिसरा एक बुलेटवाला पोरगा, सायलेन्सर बदलून घ्यायला आलेला. त्याच्याकडे नंतर येतो.

मेस्त्रींनी हात पुसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आप्पा, चारात सगळ्यात मोठ्ठी नळी कुठली?"

मी भाच्याला व्हिडिओवर घेतलं. तिकडे रात्र होती. त्याने यादी वाचली. एक .२२, एक .२२३, एक साडेसहा मिलिमीटर आणि एक .३०८.

"मग सोप्पं हाय की," मेस्त्री म्हणाले. "मोठ्या नळीचा घ्यायचा. बारीक मोठ्यातनं जातं, मोठं बारकातनं न्हाय जात."

टेक्सासमध्ये दोन क्षण शांतता पसरली. पोराने ह्या विषयावर महिनाभर वाचन केलं होतं आणि महिन्याच्या शेवटी तो ह्याच वाक्याला पोचला होता. तिकडचे अनुभवी लोक हेच सांगतात: .३० मापाचा एक घ्या, त्याखालची सगळी मापं त्यातून जातील. लहान गोळीला भोक थोडं सैल पडतं, कडेने थोडा जास्त वायू निसटतो, आवाज थोडा जास्त येतो, पण चालतं. म्हणजे आमच्या आईने मला शाळेत घातलेला वाढत्या अंगाचा सदरा. पाचवीत गुडघ्यापर्यंत, आठवीत बरोबर, दहावीत बेंबीवर. फरक एवढाच की सदरा तोकडा पडला तर लोक हसतात. सायलेन्सर तोकडा पडला तर गोळी त्याला फोडून जाते.

इथे मेजरांनी एक पिल्लू सोडलं. म्हणाले, आपल्या गावात जुन्या परवान्याच्या ज्या बंदुका आहेत त्या बारा बोअरच्या. मग सोळा बोअर मोठी की बारा? मेस्त्री म्हणाले, "सोळा. इचारायचं काय त्यात?" मेजरांनी मान हलवली. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी. सोळा केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून सोळा बोअर बारीक. आयुष्यभर पिस्टन बसवलेल्या माणसाला हे सहन झालं नाही. ज्यात आकडा वाढला की भोक लहान होतं असला धंदा गोऱ्या माणसालाच सुचू जाणे, असं काहीसं ते बोलले. ते जसंच्या तसं इथे छापता येण्यासारखं नाही.

त्यानंतरचा प्रश्न आट्यांचा. "आटे किती?" मेस्त्री म्हणाले. भाचा इंग्रजीत काहीतरी सांगू लागला. मी मध्ये पडून तर्जुमा केला: बारक्या दोन रायफलींच्या नळीचं तोंड चार सूत आणि त्यावर इंचाला अठ्ठावीस आटे, मोठ्या दोन्हींचं पाच सूत आणि इंचाला चोवीस. आमच्या गॅरेजात इंच ही फक्त बोलण्यापुरती गोष्ट, माप सुतात. इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. मेस्त्रींना हे ऐकून आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. "म्हंजी अमेरिकेत बी सूतच हाय!"

आटे वेगळे म्हणजे मध्ये जोड बसवावा लागणार. जोडावर मेस्त्रींचा विश्वास नाही. जोड आला की डुगडुग आली, डुगडुग आली की सरळपणा गेला. इंजिनाला एवढं काही नाही, फार तर धूर कडेने येईल. रायफलीला मात्र सायलेन्सर केसभर तिरका बसला तरी गोळी आतल्या पडद्यांना चाटून जाते, आणि पडदे फुटून निशाण्याआधी सायलेन्सरच मरतो. भाचा म्हणाला, त्यासाठी कंपनीचेच नीट कातलेले जोड मिळतात. मेस्त्री म्हणाले, "मिळू देत. पर बसवताना रोज हाताने चाचपायचं. नट बोलतो." हा माणूस तिकडे असता तर आत्तापर्यंत त्याच्या नावाची कंपनी असती.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या लेथवर गेली. "आप्पा, पोराला म्हणावं मापं धाडून दे. उगं कशाला—"

मी त्यांना तिथेच थांबवलं. शस्त्र कायदा, १९५९. त्यात बंदुकीची व्याख्या करतानाच, आवाज किंवा उजेड कमी करायला बनवलेली जोडवस्तूही तिच्यातच धरली आहे. म्हणजे घरात बंदूक नाही, काडतूस नाही, नुसतं नळकांडं सापडलं, तरी कायद्याच्या लेखी तुमच्याकडे बंदूकच सापडली. शिवाय आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे बंदुका दोनच, पूर्वी तीन चालायच्या. मेस्त्रींनी लेथकडे एकदा पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि हातातला व्हर्निअर खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. व्हर्निअरचा तसा काही दोष नव्हता.

अमेरिकेतही हे प्रकरण फार मोकळं नव्हतं. १९३४ साली तिथल्या सरकारने सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसवला. त्या काळात ती रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पुढे नव्वद वर्षं कुणी तो आकडा वाढवला नाही. कर न वाढवता सरकार नव्वद वर्षं टिकू शकतं हे ऐकून आमच्याकडचे लोक माझ्याकडे संशयाने बघतात. शेवटी १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्य झाला. बोटांचे ठसे, फोटो, अर्ज हे सगळं आहेच. पैसे मात्र नाहीत. भाच्याला सायलेन्सरची निकड नेमकी त्यानंतर जाणवू लागली, ही गोष्ट मी अक्काला अभिमानाने सांगितली. उलट नॉर्वे-फिनलंडकडे शिकाऱ्याच्या बंदुकीला सायलेन्सर असणं ही साधी रीत मानतात. कुत्र्याचे कान, स्वतःचे कान, शेजाऱ्याची झोप.

कानावरून मेजरांचं आठवलं. ते फोनकडे सतत उजवा कान करून बसले होते. उजव्या खांद्यावरून गोळी झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे राहतो आणि आधी तोच जातो. पलटणीत आधी ७.६२ ची एसएलआर, मग ५.५६ ची इन्सास. दोन बोअर, कान एकच. "सिनेमात बगा," ते म्हणाले, "सायलेन्सर लावला की नुसतं फुस्स! शेजारच्या खोलीत चहा पिणाऱ्याला बी कळत न्हाय." खरं गणित असं आहे की रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. चांगला सायलेन्सर त्यातले तीसेक कमी करतो. तीस डेसिबल म्हणजे आवाजाची ताकद हजारावा हिस्सा झाली. कागदावर केवढं मोठं काम! तरी उरतात १३०. आपल्या वस्तीसाठी सरकारी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, आणि ती माळेगावात शेवटची पाळली गेली तेव्हा बहुधा कोरोनाची टाळेबंदी चालू होती. म्हणजे एवढा खर्च करून बंदूक जिथे येऊन पोचते, तिथे आमच्या वरातीचा डीजे अंगचाच असतो.

मग मेजरांनीच .२२ ला खोडा घातला. ही आम्हा सगळ्यांची ओळखीची, एनसीसीतली. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरवरून कांस्यपदक मारलं तेही .२२ नेच, आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या गावात प्रत्येकाने आपण एनसीसीत मारलेल्या नेमाची आठवण सांगितली. मेजर म्हणाले, .२२ आणि .२२३ ची नळी मापाला जवळपास सारखीच, म्हणून फसू नका. एकीचं काडतूस बोटाच्या दोन पेरांएवढंही नाही, दुसरीचं पुरत्या बोटाएवढं, आणि आतली दारू कित्येक पट. .२२ साठी बनवलेला नाजूक सायलेन्सर .२२३ ला लावला तर फुटेल. आणि मोठा .२२ ला लावला तर? तो चालेल, पण घाण होईल. कारण .२२ ची गोळी उघड्या शिशाची असते, दर गोळीला थोडं शिसं, थोडं मेण, थोडी काजळी आत बसत जाते. मोठ्या रायफलींचे सायलेन्सर पुष्कळदा वेल्डिंगने कायमचे बंद केलेले. ते उघडून साफ करता येत नाहीत.

"म्हंजी उघडतं पायजे," मेस्त्री म्हणाले. "न उघडणारी वस्तू शेतकऱ्याने घेऊच नये."

शेवटी चौघींना एकाच्या जागी तिघींना एक आणि धाकटीला वेगळा, असा तह झाला. आमच्या घराण्याच्या इतिहासात धाकट्याला स्वतःची नवी वस्तू मिळण्याची ही पहिलीच वेळ.

आता राहिला तो आवाज, ज्यावर कुठलाच सायलेन्सर चालत नाही. हा भाग भाच्याने मेस्त्रींना पटवायचा प्रयत्न केला आणि मेस्त्रींना तो आधीच पटलेला होता. ध्वनी हवेतून सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. .२२३ ची गोळी नऊशेच्या वर. ती स्वतःच वाटेभर हवा फाडत जाते आणि तिचा कडाका वेगळा ऐकू येतो. पोतराज आसूड फिरवतो तेव्हा टोकाला जो सट्ट असा आवाज होतो तोही तोच प्रकार. आसुडाचं टोक क्षणभर ध्वनीच्या पुढे जातं. पोतराजाच्या मनगटाला सायलेन्सर बांधून काय उपयोग? संथ काडतुसं मिळतात, पण ती लांबवर जोर धरत नाहीत.

हे ऐकून मला आमचे एक चुलते आठवले. गेले बिचारे. माळेगावच्या इतिहासात खरोखर शांततेसाठी सायलेन्सर लावणारा तेवढा एकच माणूस मला माहीत आहे. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. चुलते रात्री कालव्यावर इंजिन टाकायचे; पाळी नसताना, हे सांगायला नको. पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर. त्या इंजिनाची खोड अशी की ते गुपित ठेवत नाही. हँडल मारलं, दोन पल्ले जड गेले आणि एकदा का पुक् पुक् पुक् सुरू झालं की पार पणदऱ्याच्या बाजूला झोपलेल्या माणसाला कळायचं की कोणाच्या उसाला पाणी चाललंय. पाटकरी सायकलवरून यायचा, दिवा विझवून उभा राहायचा आणि कान द्यायचा. बस्स.

चुलत्यांनी एक टिपाड पुरलं. डांबराचं जुनं टिपाड, तोंडाला पत्रा, वर माती, धुराचा पाइप त्यात सोडलेला आणि दुसऱ्या बाजूने एक बारकं तोंड काढलेलं. इंजिन गप्प झालं. चुलते इतके खूष झाले की मेव्हण्याचं आठ हॉर्सपॉवरचं इंजिनही आणून त्याच टिपाडाला जोडलं. एका सायलेन्सरात दोन इंजिनं, कुळाचार! मोठं इंजिन दहा मिनिटं चाललं, मग काळा धूर ओकायला लागलं, तापलं आणि बसलं. टिपाडाचं बारकं तोंड पाचाला पुरत होतं, आठाला पुरेना. धूर बाहेर पडायला जागा नाही, तर नवी हवा आत येणार कुठून? मेस्त्रींचे वडील तेव्हा येऊन म्हणाले होते, टिपाड मोठं घ्या आणि तोंडही मोठं करा, दोघांना चालेल. मेस्त्रींचा सिद्धांत असा वडिलोपार्जित आहे. मोठं टिपाड आलं, मोठं तोंड झालं, दोन्ही इंजिनं आलटून पालटून चालली आणि आठवडाभर चुलत्यांच्या उसाने कालव्याच्या पाण्यावर चैन केली.

मग एका रात्री पाटकरी थेट त्यांच्या पुढ्यात येऊन उभा. चुलते म्हणाले, "आवाज तर न्हवता!" पाटकरी म्हणाला, "इंजनाचा न्हवता. पर पानी पडतंय की वरनं."

पाइपचं तोंड पाटापासून हातभर वर होतं. उन्हाळ्यातली निवांत रात्र, आणि त्यात चार इंची पाइपातून पाटात पडणारं पाणी. इंजिन दाबलं, तेव्हाच ते ऐकू यायला लागलं. गोळीचा कडाका म्हणतात तो हा. "पाइप पाण्यात बुडवायचा होता," मेस्त्री पन्नास वर्षांनी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती.

ह्या एका चुलत्यांचा अपवाद सोडला तर आमच्या गावात सायलेन्सर विकत घेतात तो आवाज वाढवायलाच. बाकड्याच्या कडेला बसलेला पोरगा त्याचसाठी आला होता. नवीन बुलेट, कंपनीतून आलेली, गरीब स्वभावाची. त्याला ती गरिबी सोसत नव्हती. मेस्त्रींकडे भिंतीला नमुने टांगलेले असतात आणि गिऱ्हाइकं नावानिशी मागतात: पंजाब, इंदोरी, डॉल्फिन, आखूड बाटली, लांब बाटली. ह्यातल्या पुष्कळांच्या आत काहीच नसतं. खोल्या नाहीत, पडदे नाहीत, फार तर काचेचा थोडा कापूस, तोही दुसऱ्या महिन्यात जळून जातो. बाहेरून चकाचक, आतून पोकळ. एक प्रकार वाइल्ड बोअर नावाने विकला जातो. म्हणजे टेक्सासमध्ये डुकरासाठी सायलेन्सर लावतात आणि माळेगावात डुक्करच सायलेन्सर म्हणून लावतात.

कायदा इथेही आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम म्हणतो की प्रत्येक वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर पाहिजे. मोडलात तर पहिल्या खेपेलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात किती तरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला आहे. त्याचे व्हिडिओ मेस्त्रींनी पाहिलेत आणि त्यांना आवडतात. चपटा झालेला प्रत्येक सायलेन्सर म्हणजे एक नवं गिऱ्हाईक. तरीसुद्धा त्या दिवशी त्यांनी पोराला कंपनीचाच परत बसवून दिला, कारण बाकड्यावर मी बसलो होतो आणि नुकताच दोन कायद्यांचे आकडे सांगून मोकळा झालो होतो. पोरगा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी ओळखतो. आमच्या मधल्या भावाने सूट घालताना माझ्याकडे तसंच बघितलं होतं.

ट्रॅक्टरचं मात्र कुणी बघत नाही. बॉनेटवरचा उभा सायलेन्सर, त्याच्या तोंडावरची ती टोपी धुराच्या दाबाने टपटप उडते; काहींच्या टोपीच्या जागी पावसाळ्यात दुधाच्या पावडरचा रिकामा डबा उपडा घातलेला असतो. तो काढायचं विसरून ट्रॅक्टर चालू केला की डबा सुटतो. आमच्या गावातला आवाजाहून वेगाने जाणारा प्रवासी तो एकटाच असावा.

भाच्याने शेवटी मागवलं ते मेस्त्रींच्या निकालाप्रमाणेच. .३० चा एक, तिघींसाठी, कंपनीच्या जोडांसकट. आणि .२२ साठी एक बारका, खोलून धुता येणारा. दोन्ही मिळून हजार-बाराशे डॉलर. मेस्त्रींनी मनातल्या मनात रुपये केले आणि हातातली चिंधी खाली ठेवली.

"लाखाला जातंय की आप्पा! आन् आवाजच येणार न्हाय, तर चार लोकांना कळायचं कसं, लाखाचा हाय म्हून?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेजरांकडे होतं. त्यांनी खिशातून फोन काढून भाच्याचं स्टेटस उघडलं. हिरव्या गवतावर चार रायफली ओळीने, मधोमध काळं नळकांडं, त्यावर नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात लिंबू-मिरचीचं चित्र, आणि मागे वरातीतलं गाणं. मेजरांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवला, आणि कारखान्याकडे चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याने खाली वाकून विचारलं, "कुठलं गानं हाय ओ हे?"